बिनकाचेच्या गाडीवर तू काय बोलायचीस

वनिता,

परवा आपल्या स्वयंपाकघरातला ओटा फोडला आणि चांगला वीतभर खाली घेतला. शेजारच्या लताबाई म्हणाल्या की तुझी तशी फार इच्छा होती, उंच ओट्यावर भाकरी थापताना तुझे खांदे भरून यायचे. आता गंमत अशी, की घरात तुझ्याएवढं बुटकं कोणी उरलेलंच नाही. आपली पोर अश्विनी तुझ्यापेक्षा डोकंभर उंच. ती बिचारी कमरेत वाकून भाकऱ्या थापते आणि एक शब्द बोलत नाही. ओटा फोडताना घणाचा झटका बसून माझं उजवं मनगट सुजलंय, त्यावर ती हळद लावून देते, तेव्हाही बोलत नाही. बोलतो तो मीच, आणि तेही तुझ्याशी. कारण हे सगळं झालं ते तुझ्यामुळे झालं.

मी तुला कशाला तरी हो म्हणालो आहे. कशाला, ते मला ठाऊक नाही. तू सांगणार होतीस आणि सांगायच्या आत निघून गेलीस. तू गेल्यापासून आजपर्यंत मी एकच काम केलं, ते काय होतं हे शोधायचं.

हे तुला वाचायला मिळणार असतं तर इथेच तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. तुझा तो खेळ मला पुरता माहीत आहे असं वाटायचं, आणि तरी मी त्यात वर्षानुवर्षं सापडत राहिलो.

आपली पहिली गाडी आठव. लग्नानंतर दुसऱ्या हिवाळ्यात घेतलेली, शंभर सीसीची, काळी. पुढे एक गोल दिवा आणि दिव्याच्या मागे थेट मी. मधे काही नाही. शहापूरहून तुझ्या माहेरी धसईला जायचं म्हणजे किन्हवलीवरून मुरबाड आणि तिथून पुढे. उन्हाळ्यात ठीक, पण पौषात सकाळी निघालो की वारा छातीवर पंजा ठेवून मागे ढकलायचा. मी आयुष्यभर धरणाच्या भिंतीवर नोकरी केली, भातसाच्या दरवाजांची बटणं दाबली. तिथला वारा काही साधा नसतो. पण तिथे माणूस उभा असतो, पाठ फिरवू शकतो. गाडीवर पाठ फिरवता येत नाही. पोचेपर्यंत मान आखडलेली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, गुडघे आपले आहेत की दुसऱ्याचे ते कळायचं नाही.

म्हणून तू पेपर घालायचीस. शर्ट आणि स्वेटरच्या मधे जुन्या पेपरची जाड घडी. ती छातीवर नीट बसवून वरून दोन थापा मारायचीस, तव्यावर टाकायच्या आधी भाकरीला मारतात तशा. धसईला उतरल्यावर मी स्वेटर काढला की बनियनला शाई लागलेली असायची, आणि तू तुझ्या बहिणीसमोर, कमळसमोर म्हणायचीस, "बघू, आज छातीवर काय बातमी हाय?" मला तेव्हा राग यायचा. आता ती घडी कोणी घालत नाही आणि मलाही स्वतःची स्वतः घालता येत नाही. केली एकदा, तर पेपर सरळ पोटावर येऊन बसला.

मला वाटायचं, मी पुढे बसलोय म्हणजे तुला वारा लागत नाही. पुढच्या माणसाला हा एक गर्व असतो. तू एका बाजूला पाय सोडून बसायचीस, साडी गुडघ्यांमधे धरून, उजवा हात माझ्या खांद्यावर. म्हणजे माझ्या आडोशाला तुझा अर्धा दंड, बाकी सगळी तू उघड्यावर. उजवा कान तर थेट तोफेच्या तोंडी. त्या कानात तू कापूस घालायचीस आणि वरून कानटोपी आणि वरून पदर. एवढं करूनही तुझी बडबड काही थांबायची नाही.

आणि तिथेच सगळा घोळ. उघड्या गाडीवर पुढचा बोलला तर वारा ते उचलून मागच्याच्या कानात नेऊन टाकतो. मागचा बोलला तर वारा ते उचलून आणखी मागे नेतो, कोणाच्या तरी भाताच्या खाचरात. मी पुढून पुटपुटलो तरी तुला ऐकू जायचं. तू मागून ओरडलीस तरी मला नुसतं "अं... ऊं... आं..." एवढंच. सुरुवातीला मी विचारायचो, "काय? काय म्हणालीस?" मग तू पुन्हा सांगायचीस, मग पुन्हा "अं, ऊं". दोन-तीनदा झालं की मला कंटाळा यायचा. शेवटी मी आपला "हो, हो" म्हणून मोकळा व्हायचो. सगळे नवरे म्हणतात. पण सगळ्या बायका ते हो लक्षात ठेवत नाहीत.

तू ठेवलंस. पहिल्यांदा आपण धसईहून परत आलो, आठवड्याभराने दारात पत्र्यांचा टेम्पो येऊन उभा. मी म्हणालो, "हे कोणी सांगितलं?"

"तुमी," तू म्हणालीस. "पडवीला पत्रे घालायचं तुमी हो बोललाव."

"मी? कधी?"

"किन्हवलीच्या उतारावर. इचारा स्वताला."

काय विचारू? किन्हवलीच्या उतारावर मी हो म्हणालो होतो, हे खरंच होतं. पत्रे लागले. मग शेळी आली. मग तू बचत गटाची अध्यक्ष झालीस, कारण काळू नदीच्या पुलावर मी परवानगी दिली होती म्हणे. मग अश्विनीला मोटारसायकल शिकवायची ठरली. मुलीच्या जातीला गाडी, माझी आई नुसती बघत राहिली, पण मी मुरबाडच्या नाक्यावर हो म्हणालो होतो आणि माझा शब्द म्हणजे शब्द. घरात पाय टेकून तू कधी काही मागितलं नाहीस. घरात मी नाही म्हणायचो ना. माझी सवयच ती, आधी नाही म्हणायचं आणि मग कारण शोधायचं. तुला ते पक्कं माहीत होतं. म्हणून तुझं सगळं मागणं गाडीवर.

मला एकदा लबाडीची शंका आली होती. मी म्हणालो, "तू हळू बोलतेस मुद्दाम."

"हळू बोलतंय? माजा घसा फाटला."

एका होकाराने मात्र माझी झोप उडवली होती, तेही सांगून टाकतो. तुझ्या बाबांना ठेवायचा. धसईत ते एकटे पडले होते, भावांचं आपसात पटत नव्हतं, आणि तू घरी येऊन म्हणालीस की ते आता आपल्याकडे राहतील, मी येताना हो म्हणालोय. मी रात्रभर कुशी बदलत राहिलो. सासरा घरात, तोही असला खवीस, उठता-बसता मला पाणी सोडण्यावरून टोमणे मारणारा, जणू मुंबईला पाणी मीच एकटा पळवतोय. पण हो म्हणालो होतो. आले. आणि ते गेले तोवर वर्षभर मी आणि ते पडवीत बसून तंबाखू मळत होतो. त्यांना जेवढं मी ओळखलं तेवढं त्यांच्या मुलांनीही ओळखलं नाही. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. वनिता, तो होकार तू काढून घेतलास त्याचे मी उपकार मानतो. आता उशिरा मानतोय, पण मानतोय.

मग काचेच्या गाडीची भानगड. आपलं जे भांडण अर्धवट राहिलं ते हेच.

काच लावायची भाषा मी पहिल्यापासून करत होतो. आसनगावच्या स्टेशनबाहेर गाड्या लागतात, तिथे दूधवाल्यांच्या सगळ्या गाड्यांना हँडलवर उभी प्लास्टिकची काच असायची. तू म्हणालीस, "ती लावलीत तर मी किटल्या अडकवीन दोनी बाजूंना." तो विषय तिथेच संपला. पण पुढे बाजारात पुढून झाकलेल्या गाड्या आल्या, दिव्याभोवती फुगीर तोंड, वर छोटी वाकडी काच, फेअरिंग म्हणतात त्याला. माझ्या छातीत दर हिवाळ्यात कफ धरायचा, तुझा उजवा कान ठणकायचा. मी हिशेब केला की झाकलेली गाडी म्हणजे दोघांचं औषध. तुला कल्याणला शोरूममध्ये घेऊन गेलो. तिथला पोरगा समजावत होता, "अंकल, ही फेअर्ड, आणि तुमची जुनी ती नेकेड." तू मला कोपरखळी मारून अर्थ विचारलास. मी सांगितलं, "उघडी." तू त्या पोराकडे असं बघितलंस की तो पुढे बोलायचाच थांबला. बाहेर येऊन म्हणालीस, "आमची गाडी उघडी? आन ही काय पदर घेऊन बसलेय?"

तरी मी ती घेतली. आणि वनिता, गाडी चांगलीच होती, हे मी आजही म्हणणार. छातीवरचा पंजा गेला. वारा काचेवरून उडी मारून डोक्यावरून जायचा. हायवेला ट्रक समोरून गेला की पूर्वी आपण दोघं झोकांडी खायचो, आता नुसती थरथर. पेपराची घडी नको, डोळ्यांना पाणी नाही. धसईला पोचलो की मी ताजातवाना, लगेच तुझ्या भावाशी वाद घालायला तयार. उणं होतं ते मी मान्य करतो. मे महिन्यात इंजिनाची सगळी धग आतल्या आत कोंडून मांड्या भाजायच्या. काळूच्या पुलावर आडवा वारा आला की झाकलेलं तोंड त्याच्या हातात सापडायचं आणि गाडी बाजूला सरकायची. पण हे चालवणाऱ्याचं दुखणं, मी ते सोसायला तयार होतो.

तुझं दुखणं निराळं होतं. एक तर मागची सीट मांजराच्या शेपटीसारखी वर उचललेली. एका बाजूला पाय सोडून तिथे कोणी बसूच नये अशी. ज्यांनी ती गाडी काढली त्यांच्या डोक्यात साडीवाली बाई आलीच नव्हती. तू तिथे बसलीस की माझ्या डोक्याच्या वर, घसरू नये म्हणून मला घट्ट धरून. आणि पहिल्याच फेरीत, किन्हवलीच्या बाजारातून जाताना, तुझा आवाज माझ्या कानाशी अगदी स्वच्छ आला, देव्हाऱ्यापुढे बोलायचीस तसा.

"टोमॅटो घ्याल काय?"

"घरात आहेत," मी म्हणालो.

तू गप्प झालीस. पुढे काळूचा पूल गेला, मुरबाड गेलं, तू गप्प. धसई आलं तेव्हा उतरून पदर सारखा करत म्हणालीस, "बघितलाव? हिच्यावर तुमी 'नाय' बोलता."

मी हसत सुटलो. पण तू काही हसत नव्हतीस. त्यानंतर तू त्या गाडीवर अशी बसायचीस जशी एस्टीत परक्या माणसाशेजारी बसावी. एखाद-दुसरा शब्द, तोही कामाचा. मी म्हणायचो, आता ऐकू येतंय तर बोल ना गो. तू म्हणायचीस, "ऐकू येतंय म्हणून तर नाय बोलत." मी विचारायचो, याचा अर्थ काय? त्यावर तुझं उत्तर ठरलेलं, "वाराच लागत नाय तर गाडीवर बसायचं कशाला?" आणि मग मी वाऱ्याने शरीर कसं थकतं ते सांगायचो, मान, कान, छाती, सगळं. तू ऐकून घ्यायचीस आणि शेवटी विचारायचीस, "झालं?" हे भांडण आपण इतक्या वेळा केलं की अश्विनी दोघांची वाक्यं आधीच म्हणून दाखवायची.

शेवटी काचेची गाडी माझ्या ड्यूटीची झाली, शहापूर ते भातसानगर. आणि धसईला, म्हशाच्या जत्रेला, कुठेही दोघांनी जायचं तर ती जुनी काळी. जत्रेतून तू एकदा घोंगडी घेतलीस आणि येताना दोघांना मिळून गुंडाळलीस, वारा भरून ती अशी फुगली की मागून येणारे जीपवाले हॉर्न वाजवून हसत होते. त्या दिवशी तू मागे बरंच काही बोलत होतीस. मी नेहमीसारखा हो म्हणालो. त्या होकाराबद्दल तू पुढे काय मागितलंस ते मला आठवत नाही, आणि हे न आठवणं मला आता फार छळतं.

मग तुझं दुखणं सुरू झालं. कल्याणच्या फेऱ्या. आसनगावपर्यंत गाडी, पुढे लोकल. मी काचेची न्यायचो, डॉक्टरांनी वारा टाळायला सांगितलं होतं. त्या शेवटच्या खेपेला तू दारातच उभी राहिलीस. "आज काळी काढा."

"अगं, वारा टाळायचाय."

"वारा टाळून जाऊ कुठं मी?"

मी काळी काढली. माझा स्वेटर तुला घातला, कानटोपी, वर शाल. संध्याकाळी परत येताना आसनगावला उतरलो, डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला माहीत होतं आणि तुला मी सांगितलं नव्हतं. तुला ते आपोआप कळलं होतं असं मला आता वाटतं. तू म्हणालीस, सरळ घरी नको, जरा धरणाच्या बाजूला चला. गेलो. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं. तुझा हात खांद्यावर, पूर्वीपेक्षा हलका. आणि तू बोलायला लागलीस. कितीतरी वेळ बोलत होतीस. मला नुसतं "अं... ऊं". मधे एक क्षण वाटलं, थांबून ऐकावं. पण मी थांबलो तर डॉक्टरांचं विचारशील अशी मला भीती होती. मी म्हणालो, "हो गो, हो."

घरी उतरताना माझ्या दंडाला धरून तू खाली आलीस आणि हसलीस. म्हणालीस, "बघा हां. हो बोललाव."

"कशाला?"

"सांगेन."

एवढंच. पुढचे दिवस तुला आठवणार नाहीत, आणि मला आठवायचे नाहीत.

तुझा दहावा झाला आणि मी कामाला लागलो. आधी कमळला विचारलं. ती रडत म्हणाली, "दाजी, ताईला अंगणात सोनचाफा पाहिजे होता, आमच्या अंगणात. लहानपणीचा तो मेला ना." मी रोप नेऊन लावलं. माझ्या आईला विचारलं, तिने तंबाखूची पुडी माझ्या खिशातून काढली आणि चुलीत टाकली, म्हणाली, "हीच असंल." सोडली. बचत गटाच्या बायकांनी सांगितलं, तिला आपल्या ओसरीवर सगळ्यांची बैठक हवी होती, लोकांच्या घरी जायला तिला आवडायचं नाही. आता दर मंगळवारी आपल्या ओसरीवर वीस बायका बसतात आणि मी आत कोंडल्यासारखा बसतो. लताबाईंनी ओट्याचं सांगितलं, तोही झाला. प्रत्येक वेळी काम पुरं झालं की मी वाट बघायचो, आतून कोणी तरी म्हणेल की हं, हेच होतं. कोणी म्हणायचं नाही. पण मन लागायचं गो. सकाळी उठलो की तुझं काहीतरी करायचं बाकी आहे, या एका गोष्टीवर माझा दिवस उभा राहायचा.

मनगट सुजलेलं, त्यामुळे आज सोनचाफ्याला पाणी घालायला धसईला जायचं तर गाडी अश्विनीने घेतली. ती काळीच. मी तिच्या मागे बसलो. इतक्या वर्षांत त्या गाडीवर मी पहिल्यांदाच मागे बसलो. मागची सीट कशी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पुढच्याची पाठ दिसते. रस्ता दिसत नाही, म्हणजे समोरचा. बाजूचा दिसतो. खाचरं, पळसाची झाडं, डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया, सगळं हळूहळू मागे जात राहतं. वारा दोन्ही बाजूंनी वळून येऊन चेहऱ्याला लागतो, पण बोचत नाही. हात मोकळे, काम काही नाही. पुढचा आपलं ऐकत नाहीये हे पक्कं माहीत. अशा वेळी माणूस बोलल्याशिवाय राहील कसा?

मीही बोलायला लागलो. तुझ्याशीच. मोठ्याने. म्हणालो, चाफा धरलाय, दोन पानं फुटलीत. तुझी एकही साडी आईने कोणाला दिली नाही, मी देऊ दिली नाही. म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलं ते मी तुझ्यापासून लपवलं नव्हतं गो, माझ्या तोंडून निघत नव्हतं. म्हणालो, तू मला पाहिजेस. घरात मी हे कधी म्हटलं असतं? पुढून अश्विनी म्हणाली, "हो, हो." माझ्यासारखीच. आणि मी तिच्या पाठीला टेकून रडलो.

काळूच्या पुलापाशी तिने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. वारा गेला तशी एकदम शांतता झाली, खाली कपडे धुणाऱ्या बायांचा आवाज वर येत होता. ती मागे वळून म्हणाली, "बाबा, काय झालं?"

मी तिला विचारलं. आतापर्यंत सगळ्यांना विचारलं होतं, तिलाच राहिलं होतं. तिला म्हटलं, तुझी आई मला शेवटी काय मागून गेली गो? आणि सगळं सांगितलं, धरणाचा रस्ता, ते हो, ते सांगेन.

अश्विनीने गाडी स्टँडला लावली. मग म्हणाली, "बाबा, मी लहानपणी तुमच्या दोघांच्या मधे बसायची ना. माझा कान आईच्या पोटाला लागलेला असायचा. आई काय मागायची नाय ओ."

"म्हणजे?"

"कदी गाणं गुणगुणायची. कदी नुसतं अं अं करायची, मुद्दाम. तुमी हो बोललाव की मला चिमटा काढायची, हसू नको म्हणून. मग घरी येऊन ठरवायची, हे हो कशाला वापरायचं ते. मला शपथ घातलेली, बाबांना सांगायचं नाय."

पत्रे, शेळी, बचत गट. मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. तुला शिव्या घालाव्या की काय करावं, कळेना. मग मी विचारलं, "आणि आजोबांच्या वेळेला?"

"तेव्हा कायच नाय बोलली," अश्विनी म्हणाली. "रडत होती. धसईपासून पार इथपर्यंत. तुमाला काय ऐकू आलं कोण जाणे, तुमी हो बोललाव."

मी उतरून पुलाच्या कठड्यापाशी गेलो. तिथूनच म्हणालो, "मग त्या दिवशी, शेवटी, काय बोलत होती ती?"

"मला काय ठाऊक, बाबा? त्या दिवशी मी मधे नव्हती."

आम्ही धसईला गेलो, चाफ्याला पाणी घातलं, कमळने जेवू घातलं, परत आलो. येताना मी मागे बसून काही बोललो नाही. नुसतं ऐकायचा प्रयत्न केला, मागे बसलेल्याला वारा काय ऐकवतो ते.

घरी येऊन हे लिहायला बसलोय. त्या दिवशी तू गात होतीस का? अंगात ताकद होती का गायची? की रडत होतीस आणि मी पुढून हो गो, हो म्हणत होतो? उतरताना तू हसलीस, त्यावरून मी समजतो की गात असशील. तसंच समजणार आहे, मला दुसरं झेपायचं नाही. म्हणजे मागितलं काहीच नाहीस. माझ्याकडून तुझं काही राहिलेलं नाही, हे कळल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. मला उद्या सकाळी उठून काय करायचं तेच सुचत नाहीये. काहीतरी मागून जायचंस गो. कितीही मोठं चाललं असतं. मी जन्मभर देत बसलो असतो.